अक्रोडाची रजा

सप्टेंबर सरता सरता शाळा ओस पडते.
कुलूप मी लावते,
पण किल्ली खरं म्हणजे डोंगराकडे असते.
गावच्या गाव चढतं वर,
गाई, चुली, पाळणे, एक खरखरणारा रेडिओ,
आणि अक्रोडाच्या रानात तंबू ठोकून राहतं
पहिला बर्फ पडेपर्यंत.

थोरले फांद्यांवर.
खाली माझी सातवीची मुलं,
डोक्यावर बापांच्या जाड टोप्या,
कारण अक्रोड नेम धरून पडत नाही
आणि लागला तर माफीही मागत नाही.

हिरवं साल सोलताना जो रस लागतो बोटांना
तो आधी पिवळा, मग तपकिरी,
आणि तिसऱ्या दिवशी असा काळा
की साबण, राख, लिंबू, कुणाचंच ऐकत नाही.
इतरत्र काळ्या हातांचा माणूस चोर ठरत असेल.
आमच्याकडे नोव्हेंबरात
गोऱ्या हातांच्या माणसाकडे वळून पाहतात.

मला विचाराल तर सगळ्यात चांगला अक्रोड
बाजारात येतच नाही.
तो झाडाखालीच संपतो, ओला असताना.
कवच अजून पुरतं हट्टी झालेलं नसतं,
गरावरचा कडू पापुद्रा नखाने अलगद काढायचा,
आत पांढरं, करकरीत, दुधाच्या चवीचं काहीतरी.
गरम नानचा तुकडा, त्यावर हा गर, वर बिनदुधाचा चहा.
मी ओशहून नवीन आले त्या वर्षी
मेहरीनिसाच्या आईने असा एक घास भरवला होता.
बदली मी नंतर कधी मागितलीच नाही.
लोकांना दुसरी कारणं सांगते.

तर, नोव्हेंबरचा पहिला सोमवार.
वर्गात ओल्या लोकरीचा, धुराचा वास,
वह्यांवर अंगठ्यांचे डाग,
भूमितीच्या त्रिकोणाला चौथा कोन.
तोख्तासिन पोती मोजून सांगतोय,
दर सांगण्यात एक वाढतंय.
मी हजेरी घेते.
ओरिफ.
ओरिफ?
आहे. पण हात खिशात.

त्याचा बाप दोन वर्षं नोवोसिबिर्स्कला विटा रचतोय.
झाड हलवायला घरात माणूस नाही,
ठेका भरायला पैसे नाहीत,
त्यांच्या वाट्याची झाडं यंदा दुसऱ्यांनी झोडपली.
पोराचे हात स्वच्छ.
बघवेनात इतके स्वच्छ.

मी फळ्याकडे वळले. अपूर्णांक लिहिले.
गरजेपेक्षा पुष्कळ जास्त लिहिले.
मागे कुजबुज.
बहोरच्या दप्तरात वाळलेलं साल होतं,
कशाला ठेवलं होतं कोण जाणे.
ते पाण्याच्या बाटलीत भिजवून
तिघांनी ओरिफचे हात धरले.
मी वळले तेव्हा तो बोटं पसरून बसला होता,
मेंदी वाळवणाऱ्या नवरीसारखा,
अगदी गंभीर.
रंग आला तो फिकट, चहाच्या गाळासारखा.
कुणीही ओळखलं असतं.
कुणी ओळखलं नाही.

बुधवारी त्याची आई दारात उभी.
मला वाटलं, भांडणार.
तिने एक लोकरी मोजा पुढे केला, लहान मुलाचा,
आत अकरा अक्रोड.
कालव्याकाठी एक झाड आहे, कुणाच्याच ठेक्यात नसलेलं,
तिथे दोन रात्री बॅटरी घेऊन वेचत होती दोघं.
"ऐकेचना," ती म्हणाली,
"म्हणे, रंग पक्का हवा."
आणि मोजा धरलेली तिची बोटं,
मी आता पाहिली,
नखांपर्यंत काळी.

मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराच्या बिजागरीत धरून
एक फोडला. पोकळ.
दुसऱ्यात बुरशी.
तिसऱ्याचं कवच दगडासारखं,
दोन्ही हातांनी दार ओढावं लागलं.
घंटा झाली,
मुलं बाहेर ओळीत उभी,
आणि बाई आत, दार लावून,
चावतायत.